आत गेलेला राजा

नाणं हातात आलं की ते आधी कानाशी न्यायचे. डाव्या हाताच्या बोटावर ते अलगद तोलायचं, दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हळूच टिचकी मारायची आणि मान कलती करून ऐकत राहायचं. आवाज पुरता विरेपर्यंत डोळे मिटलेले. समोरचा माणूस अधीर होऊन काही विचारायला गेला, की डोळे न उघडताच म्हणायचे, "घाई कुणाला आहे?"

कल्याणात आमच्या सासरच्या घराला लागून त्यांची एक खोली आणि पुढे ओटा होता. तीस वर्षं टांकसाळीत नोकरी केलेली, म्हणून आळीत सगळे त्यांना टांकसाळवालेच म्हणत. खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढे तुळशीची कुंडी होती नि तुळस वाढलेली होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन आमच्या दुकानात पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीवर झालं. त्यामुळे पाटी दिसली असती तर मी नक्की वाचली असती.

आमचं दुकान पेढ्यांचं. त्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढे त्याचं काम आहे. आमचा पेढा दोन्ही बाजूंनी छापलेला असे. खाली लाकडी पाट, त्यात मोर कोरलेला. खव्याची गोळी त्यावर ठेवायची आणि वरून पितळी ठसा दाबायचा, ठशात कमळ. पेढा निघाला की एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला कमळ. गिऱ्हाइकं आधी दोन्ही बाजू बघत आणि मग खात. सासूबाईंना त्याचा फार अभिमान होता. पाटाला नि ठशाला दर चार पेढ्यांमागे तुपाचं बोट फिरवायचं, हा त्यांचा नियम. मी नवी नवरी असताना एकदा ते विसरले. पेढा वरच्या ठशातच चिकटून राहिला. मला तो दिसला नाही. तेवढ्यात जेवायला हाक आली, मी गेले. जेवून आले तोवर तो चिकटलेला पेढा वाळून टणक झालेला. मी आपली नवी गोळी पाटावर ठेवली आणि ठसा दाबला.

पेढा निघाला तो विचित्र. खाली मोर बरोबर उमटलेला. वर बघते तर तिथेही मोरच, पण खोलगट, आत गेलेला, आणि तोंड उलटीकडे.

सासूबाईंनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "कमळ कुठं गेलं?"

"ठशात आधीचा पेढा राहिला होता."

"माहेरी ठसे कधी बघितले नव्हतेस वाटतं." एवढं बोलून त्यांनी तो पेढा मोडून परत कढईत टाकला. पुढे पंधरा दिवस प्रत्येक आल्यागेल्याला त्या माझा उलटा मोर ऐकवत होत्या.

असो. मी टांकसाळवाल्यांबद्दल सांगत होते.

टांकसाळीत त्यांचं काम काय, तर छापून झालेली नाणी पट्ट्यावरून पुढे सरकत जायची, ती नुसती बघायची. बघून त्यातलं चुकलेलं उचलून बाजूला टाकायचं. बाजूला टाकलेलं सगळं पुन्हा भट्टीत. तीस वर्षं हेच. "पट्टा थांबत नसे, सूनबाई," ते मला सांगत. मला ते सूनबाईच म्हणायचे, आळीतल्या सगळ्याच सुनांना म्हणायचे. "एखादं नाणं असं गमतीदार चुकलेलं यायचं, की वाटायचं दोन घटका हातात घेऊन बसावं. पण तोवर मागची दोनशे पुढे निघून जायची. म्हणून उचलायचं नि टाकायचं. आता माझा पट्टा थांबलाय. घाई कुणाला आहे?"

तर नोकरी संपल्यावर या माणसाने काय करावं? जन्मभर ज्या चुका भट्टीत टाकल्या, त्यांतल्या निसटून बाजारात आलेल्या शोधायला लागले. वाण्याकडे, दूधवाल्याकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे जायचे नि म्हणायचे, "जरा आजची चिल्लर दाखवता का?" पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर काही परिणाम झालाय. पुढे सवय झाली.

सापडलेली नाणी ते ठेवायचे मसाल्याच्या डब्यात. बायको वारलेली, मुलगा दूर नागपूरकडे नोकरीला. डबा बायकोचाच, पितळी, आत सात वाट्या. एका वाटीत 'सरकलेली', म्हणजे ज्यांचा ठसा मधोमध न बसता एका कडेला गेलेला. एका वाटीत 'चावलेली', म्हणजे जणू उंदराने कड कुरतडावी तशी, पत्रा कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापली गेलेली. एकीत 'दुहेरी', दोनदा ठसा बसलेली. एकीत 'तडकलेली'. त्यात नाण्याला तडा नसे. ठशाला तडा गेलेला असला की नाण्यावर केसासारखी उंच रेघ उठते, ती. हळदीच्या वाटीचा पिवळा रंग कधीच गेला नाही, त्यामुळे 'तडकलेल्यां'ना कायम हळदीचा वास. मी एकदा म्हटलं, "काका, वाटी घासून देऊ का?"

"वाटी घासा," ते म्हणाले, "नाण्याला हात लावाल तर याद राखा."

नाणी घासण्याचा त्यांना भारी राग. लक्ष्मीपूजनाच्या आधी आळीतल्या बायका देवघरातली नाणी चिंच आणि राख लावून लखलखीत करत. टांकसाळवाले त्या दिवशी ओट्यावर बसून प्रत्येकीला सांगत, "लक्ष्मीचं तोंड पुसा, नाक घासून काढू नका." कुणी ऐकत नसे.

युद्धाच्या काळात निघालेले भोकाचे पैसे आठवतात का तुम्हाला? मधोमध मोठं भोक, मुलं दोऱ्यात ओवून कमरेला बांधायची. आमच्या समोरच्या घरातल्या एका पोराच्या करगोट्यात असा एक पैसा होता, त्याचं भोक पार कडेला सरकलेलं. टांकसाळवाल्यांनी त्या पोराशी तीन दिवस वाटाघाटी केल्या. शेवटी एक साधा पैसा आणि आमच्याकडचे चार पेढे, यावर सौदा ठरला. पोराच्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा आंघोळीला करगोटा काढत नव्हता, तुम्ही काय जादू केलीत?"

मग काय, आळीतली सगळी पोरं नाणी घेऊन यायला लागली. एकजण चपटा, रुंद झालेला, चेहरामोहरा पुसलेला पैसा घेऊन आला. "आजोबा, ही टांकसाळीची चूक आहे ना?"

त्यांनी टिचकी मारली. ऐकलं. भिंगाखाली धरलं. मग गंभीरपणे म्हणाले, "नाही. हा रेल्वेने छापलाय. शहाडच्या बाजूला रुळावर ठेवला होतास की आंबिवलीच्या?"

पोरगं पळालं. पण बघा, त्यांच्या सगळ्या विद्येचं सार यातच होतं. नाण्याला जे झालं ते जन्मताना झालं की जगात आल्यावर? मार खाल्लेलं नाणं वेगळं नि जन्मताच चुकलेलं वेगळं. आणि तिसरं, खोटं, ते आणखी वेगळं. या तिघांची गल्लत झालेली त्यांना अजिबात खपत नसे. याच गल्लतीने माझ्यावर एकदा जे आलं, ते आता सांगते.

माझ्या धाकट्या नणंदेला ठाण्याला दिलेलं. तिचं डोहाळजेवण ठाण्यालाच होतं. माहेरची ओटी मी, म्हणजे भावजयीने, भरायची. तांदूळ, नारळ, खण, आणि वर रुपया. आता साधा रुपया ठेवला असता तरी चाललं असतं. पण ही नणंद मला पहिल्या दिवसापासून जीव लावणारी. उलट्या मोराच्या वेळी सगळे हसत होते, तेव्हा हीच एकटी माझ्याजवळ येऊन बसली होती. माझ्या ट्रंकेत माझ्या लग्नातल्या ओटीचा रुपया होता, चांदीचा, राजाचा. माझे वडील खडवलीला भातशेती करायचे. भात विकून आलेल्या पैशांतला एक कोरा चकचकीत रुपया त्यांनी कधीपासून माझ्या ओटीसाठी बाजूला काढून ठेवलेला. त्याच्या एका बाजूला हळदकुंकवाचा जाड थर बसून वाळलेला होता. मी तो तसाच, राजाची बाजू वर करून, नणंदेच्या ओटीत ठेवला. माझ्याजवळ चांदीचं म्हणून एवढंच होतं, आणि ते तिला द्यावंसं वाटलं.

ठाण्याच्या विहीणबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून चिंचेने धुतला. हळदकुंकवाचा थर निघाला. खाली 'एक रुपया' नाही, साल नाही, वेलबुट्टी नाही. तिथेही राजाच. पण आत गेलेला, खोलगट, तोंड उलटीकडे.

गुरुवारी तो रुपया कागदात गुंडाळून एका ओळखीच्या माणसाहाती परत आला. सोबत निरोप, "तुमचा हा रुपया चुकून आमच्याकडे राहिला."

सासूबाईंनी निरोप ऐकला, कागद उघडला, नि त्यांचा चेहरा उतरला. मला बोलावून विचारलं, "कुठला हा?"

मी सांगितलं.

त्यांनी रुपया पुन्हा कागदात गुंडाळला. मग म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी खोटा रुपया ओटीत घातला. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला नको. माझ्या लेकीला त्या घरात जन्म काढायचाय. उद्या उठून कुणी तिला खोट्या ओटीची म्हटलं तर?"

त्या वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना त्यांची लेक होती, मला माझे वडील. रविवारी वडील मला दिवाळीला न्यायला येणार होते. सासूबाईंनी ठरवलं, ठाण्याच्या व्याह्यांनाही त्याच दिवशी बोलवायचं. बाजारातल्या सोनारांना बोलवायचं, आणि सगळ्यांसमोर छिन्नीने रुपया कापायचा. तेव्हा खोटं नाणं सापडलं की कापायची रीतच होती, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या हाती जायला नको. दोन तुकडे माझ्या वडलांच्या हातात द्यायचे आणि ठाण्याला दुसरा रुपया द्यायचा. झालं.

माझे वडील म्हणजे काय माणूस, ते कसं सांगू? गाडीत बसायला जागा मिळाली तरी दुसरं कुणी उभं असेल तर हे उठायचे. ते तुकडे हातात घेऊन ते काही बोलले नसते. मान खाली घालून उभे राहिले असते आणि पुन्हा आमच्या दारात कधी आले नसते. मला तेवढंच दिसत होतं. जेवताना, खवा घोटताना, सारखं तेच.

शुक्रवारी टांकसाळवाले पेढे घ्यायला आले. मी पुडी बांधताना त्यांनी विचारलं, "सूनबाई, डोळ्यांना धूर लागला का?" मी देवघरातून रुपया आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी टिचकी मारली. ऐकलं. मग उलटा केला. आणि मी त्यांना पहिल्यांदा गडबडलेलं पाहिलं. भिंग खिशात होतं ते त्यांना सापडेना. "मला जरा पाणी द्या," म्हणाले. पाणी प्यायले. ओट्यावर उन्हात जाऊन बसले आणि तो रुपया तळहातावर घेऊन इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, पेढे विसरून घरी गेले की काय.

"सूनबाई, तीस वर्षांत असे चार बघितले मी," ते म्हणाले. "चारही मीच उचलून भट्टीत टाकले. मधे इतकी वर्षं शोधतोय. असा एकही बाहेर सुटलेला नव्हता सापडला."

"म्हणजे खरा आहे?"

"तुमच्या नि माझ्याइतका."

आता वाटलं, सुटले. पण सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सगळीच नाणी लाडकी. सोनार सांगतील ते खरं."

रविवार सकाळ. आमच्या ओटीवर सतरंजी. ठाण्याचे व्याही काठी टेकून ताठ बसलेले. सोनार तराजू, कसोटीचा दगड आणि छिन्नी घेऊन आलेले. आळीतले चारपाच लोक उगाच आले होते, असे प्रसंग सुगंधासारखे पसरतात. वडलांची गाडी यायला अजून वेळ होता. मी आतल्या दाराशी उभी.

टांकसाळवाले आले ते कोट घालून. नोकरीतला काळा कोट, कोपरांवर झिजलेला.

सोनारांनी रुपया फिरवला आणि हसले. "हे काय तपासायचं? दोन्हीकडे मुंडकं. एकाच बाजूचं साच्यात ओतलेलं दिसतंय. कापा."

"थांबा," टांकसाळवाले म्हणाले. "घाई कुणाला आहे?"

"मला आहे," सोनार म्हणाले. "दुकान उघडायचंय."

"मग पटकन तोला."

तराजूच्या एका पारड्यात आमच्या गल्ल्यातला चांगला चांदीचा रुपया, दुसऱ्यात हा. काटा मधोमध उभा राहिला. मग दोन्ही रुपये दगडावर वाजवले. आवाज एकच. मग टांकसाळवाल्यांनी भिंग व्याह्यांच्या हातात दिलं. "कड बघा. खाचा आहेत, आणि खाचांच्या मधून बारीक नक्षी गेलीय. ओतलेल्या नाण्याला ही नक्षी इतकी स्वच्छ येत नाही, त्याला कडेला शिवण असते. आहे का शिवण?"

व्याह्यांनी बघितलं. "नाही."

"अहो, वजन बरोबर, आवाज बरोबर," सोनार जरा चिडून म्हणाले, "पण दुसरी बाजू कुठं गेली? तेवढं सांगा. नाणं छापताना एक बाजू काय चहा प्यायला गेली होती?"

लोक हसले. आणि इथे टांकसाळवाले अडले. त्यांना हातांनी सगळं येत होतं, तोंडाने नाही. ते यंत्राचं सांगायला लागले. वरचा डाय, खालचा डाय, मधली कडी, पत्र्याची चकती कुठून सरकते, किती दाब पडतो. सोनार तराजूच्या दोऱ्या गुंडाळायला लागले. व्याह्यांनी भिंग खाली ठेवलं. टांकसाळवाले पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, वरचा डाय, खालचा डाय, "...आणि कधी कधी काय होतं, छापलेलं नाणं वरच्या डायला चिकटून बसतं. खाली पडत नाही. नवी चकती येते—"

मला माझा उलटा मोर आठवला. मी आत धावले.

बाहेर आले ती पाट, ठसा, ताज्या खव्याची वाटी आणि परवाचा एक वाळलेला पेढा घेऊन. व्याह्यांसमोर सुनेने असं येऊन बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता नाही कळायचं. सासूबाई "अगं, अगं" म्हणत होत्या. मी सतरंजीच्या कडेला बसले. वाळलेला पेढा घेतला आणि ठशाच्या कमळात कमळ बसवून घट्ट दाबला. "हा वर चिकटून राहिला. मोराची बाजू आता खाली आली." पाटावरच्या मोरात ताजी गोळी ठेवली. "ही नवी चकती." आणि ठसा दाबला.

ठसा उचलला. पेढा काढून व्याह्यांच्या हातात दिला. पेढा चांगला निघाला होता. खाली मोर, वर आलेला. वर मोर, आत गेलेला, तोंड उलटीकडे. कमळ नाही.

व्याह्यांनी एका हातात पेढा धरला, दुसऱ्या हातात रुपया. याची बाजू बघ, त्याची बाजू बघ. सोनारही तराजू टाकून वाकले.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई. त्या पुढे आल्या, पेढा घेतला, फिरवला, आणि सोनारांकडे वळून अशा आवाजात म्हणाल्या, की जणू त्यांनाच हे सगळं केव्हापासून माहीत होतं. "दुसरी बाजू कुठं गेली म्हणून काय विचारता? आमच्याकडे नाही होत का हे? तूप लावायला विसरलं की होतं. पेढा खोटा असतो का? खवा तोच, साखर तीच."

"तेच," टांकसाळवाले म्हणाले. "तेच मी सांगत होतो."

"तुम्ही काही सांगत नव्हतात, तुम्ही डाय डाय करत होतात," सासूबाई म्हणाल्या.

सोनारांनी शेवटचं म्हणून विचारलं, "पण खोटं नाणं करणाऱ्यानेच हे केलं नसेल कशावरून?"

यावर टांकसाळवाल्यांना चांगलाच सूर सापडला. "खोटं नाणं करणारा खऱ्यासारखं करतो हो. इतकी चांगली चांदी घालून, इतकी सुरेख कड काढून, जे कुणीही उलटताक्षणी फेकून देईल असं नाणं कोण करेल? असलं काम फक्त सरकारलाच परवडतं."

व्याही मोठ्याने हसले. काठी बाजूला ठेवून हसले.

मग टांकसाळवाले उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि व्याह्यांना म्हणाले, "एक सांगायचंय. हे नाणं ज्या पट्ट्यावरून गेलं, तिथे बघायला मी होतो, किंवा माझ्यासारखा दुसरा कुणी. ते उचलायचं राहिलं. चूक आमची आहे. हिच्या वडलांनी फक्त जे सगळ्यात नवं दिसलं ते मुलीसाठी ठेवलं."

मी दाराआड जाऊन पदर तोंडाशी धरला.

वडील आले तेव्हा ओटीवर माणसं, तराजू, छिन्नी बघून बिचारे दारातच थबकले. पिशवीत नवे तांदूळ, हातात काकड्या. सासूबाई स्वतः उठल्या, त्यांच्या हातून काकड्या घेतल्या आणि म्हणाल्या, "या. तुमच्या रुपयाचं कौतुक चाललंय. असा रुपया अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही." वडलांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "छे, साधाच होता." सगळे हसले, तेही हसले. व्याह्यांनी त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं. तो उलटा मोर अर्धा अर्धा करून दोघा व्याह्यांनी खाल्ला. रुपया ठाण्याचे व्याही जपून परत घेऊन गेले. छिन्नी सोनार परत घेऊन गेले, नि जाताना चार पेढे विकत घेऊन गेले, उलट्या मोराचे मागितले.

त्यानंतर दिवाळीत आळीतल्या एकाही बाईने नाणं चिंचेने घासलं नाही. टांकसाळवाल्यांच्या ओट्यावर रांग लागली. कुणाच्या नवऱ्याची आठ आण्यांची अधेली, कुणाच्या आजीचा रुपया. ते प्रत्येकाला टिचकी मारायचे, ऐकायचे, आणि न्यायाधीशासारखे सांगायचे, "खरा. जरा मार खाल्लेला, पण खरा." लोक खूश होऊन जायचे. मसाल्याच्या डब्यातली सातवी वाटी मात्र त्यांनी रिकामी ठेवली होती. मी एकदा विचारलं, ही कशासाठी?

"ही भरलीय," ते म्हणाले. "फक्त नाणं ठाण्याला आहे."

ठाण्याच्या विहीणबाईंचं तर विचारू नका. रुपया परत पाठवणाऱ्या त्याच. पण पुढे त्यांच्या घरी कुणाचीही ओटी भरायची असली की हाच रुपया निघायचा, आणि आत गेलेली बाजू वर करून ठेवला जायचा. पाहुण्या बायका विचारायच्या, हा कसला रुपया? मग विहीणबाई स्वयंपाकघरातून कणकेची गोळी मागवून सगळं करून दाखवायच्या. कुणी मधेच बोललं की म्हणायच्या, "थांबा, घाई कुणाला आहे?"

नवे पैसे सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षी टांकसाळवाल्यांना मुलाने कायमचं नागपूरला न्यायचं ठरवलं. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. नवं नाणं हातात घेऊन नुसतं ऐकायचे, "हलकं आहे, पण आवाज स्वच्छ आहे," म्हणायचे. निघायच्या आदल्या सकाळी मी पेढ्यांची पुडी घेऊन गेले. ट्रंक बांधलेली. डबा मांडीवर.

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज झाला. ठाण्याचे व्याही. या माणसाला निरोप द्यायला ते मुद्दाम गाडीने आले होते. आत आले, बसले, आणि आतल्या खिशातून रुमालात चारदा गुंडाळलेला तो रुपया काढून त्यांच्या हातावर ठेवला.

टांकसाळवाल्यांनी तो कानाशी नेला. टिचकी मारली. आवाज खोलीभर फिरला आणि हळूहळू विरला. मग त्यांनी रुपया उलटा केला, डोळ्यांपाशी नेला, आणि पुन्हा खाली घेतला. दिसत नव्हतं.

त्यांनी अंगठा त्या खोलगट बाजूवर ठेवला आणि सावकाश फिरवला. मुकुटावरून. कपाळावरून. अंगठा एका जागी थांबला, आणि चेहरा असा उजळला, की मला तो रविवारच आठवला.

"नाक शाबूत आहे," ते म्हणाले. "कुणी घासलेलं नाही."

व्याही म्हणाले, "छे हो. आमच्या घरात कुणाची हिंमत आहे?"

त्यांनी मान हलवली आणि रुपया परत दिला नाही. घाई कुणालाच नव्हती. उन्हं ओट्यावरून खाली उतरेपर्यंत ते तसेच बसले होते, अंगठा त्या आत गेलेल्या राजात ठेवून.